गाडीतलं शेततळं

रविराजचं म्हणणं अगदी साधं होतं. चांदवड तालुक्यात आजवर शेकड्यांनी लग्नं झाली असतील, पण नवरदेवाच्या गाडीतून असा आवाज कोणी काढला नाही आणि पुढंही कोणाची काढायची टाप नाही! पंचवटीतल्या आपल्या घरात चहाचा कप हातात धरून तो हे बायकोला पुन्हा एकदा ऐकवत होता.

"अहो, पण गाडी जुनी आहे आपली," हर्षाली म्हणाली.

"गाडी जुनी असेल! आवाज कोरा करकरीत आहे!"

ते मात्र खरं होतं. रविराज सिन्नरच्या एका कारखान्यात माल तपासायचं काम करायचा. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि सुट्टीच्या दिवशी गाडीच्या डिकीत डोकं घालून स्वतःच्या चुका करायच्या, असा त्याचा शिरस्ता होता. डिकीत एक अँप्लिफायर आणि पिंपाएवढा सबवूफर, म्हणजे धमधमणारा स्पीकर, बसवल्यापासून डिकीत पिशवी ठेवायलाही जागा उरली नव्हती. भाजी आणली की हर्षालीनं ती मांडीवर घेऊन बसायचं. आणि गणेशवाडीच्या भाजी बाजारातून रविराज गाणं लावून निघाला, की काट्यावरचा आकडा आपोआप वरखाली व्हायचा. भाजीवाल्यांची त्याला काही तक्रार नव्हती, गिऱ्हाइकांची होती.

आता हर्षालीच्या धाकट्या भावाचं, रुद्रचं लग्न ठरलं होतं. लग्न गावाकडं, सासरेबुवांच्या मळ्यात, संध्याकाळच्या मुहूर्तावर. गावानं ठराव करून डीजे बंद केलेला. त्यामुळे पोरं हिरमुसली होती. तेव्हा रविराजनं छाती पुढं काढून सांगितलं, की गाडीतलं गाणं म्हणजे काही डीजे नव्हे! परण्याला, म्हणजे नवरदेव मारुतीच्या पाया पडायला वाजतगाजत निघतो तेव्हा, रुद्र आपल्या गाडीत बसेल. जाताना वाजंत्री वाजेल. येताना वाजंत्रीवाले दम खातील आणि गाडी वाजेल. सरपंचांनीही मान डोलावली. रुद्र तर दाजींच्या गळ्यातच पडला.

एकच माणूस खूश नव्हता. तो म्हणजे रविराजचा साडू, सुयश. हा घरचा थोरला जावई. नाशिकला प्लॉट विकायचा आणि नवी कोरी, उंच, छतात खिडकी असलेली गाडी बाळगायचा. नवरदेवाची गाडी आपलीच असणार, हे त्यानं न सांगता गृहीत धरलं होतं.

"साडूभाऊ, तुमची गाडी चांगलीच आहे," तो गोड हसून म्हणाला, "फक्त नवरदेवाला बाशिंगासकट आत मावता आलं पाहिजे!"

रविराजला ते फार लागलं. गेल्या दिवाळीला सासऱ्यांनी दोघा जावयांना टोपी-उपरणं दिलं, तेव्हा सुयशरावांच्या गाडीचं कौतुक अर्धा तास चाललं होतं, आणि याला 'तुम्ही एसटीनं आलात का?' असं विचारलं होतं. गाडी अंगणातच उभी होती! त्यामुळे या लग्नात नवरदेव आपल्याच गाडीत बसला पाहिजे, यापलीकडे रविराजला काही सुचत नव्हतं.

आणि हळदीच्या संध्याकाळी घात झाला.

रविराज चांदवडहून बर्फ घेऊन मळ्याकडे येत होता. उद्याची तालीम म्हणून गाणं पूर्ण आवाजात. आता त्याच्या गाडीला एक खोड होती. सबवूफरनं 'धम्म' केलं की हेडलाइट मंद व्हायचे. धम्म, मंद. धम्म, मंद. अँप्लिफायर एकदम एवढी वीज ओढायचा, की दिव्यांच्या वाट्याला काही उरायचंच नाही.

समोरून मोटारसायकलवर येत होता नवरीचा मामा, सहादू. नवरदेवाची उष्टी हळद मोठ्या वाटीत घेऊन तो नवरीकडे निघाला होता. समोरची गाडी सारखे दिवे मिचकावतेय, म्हणजे बाजूला व्हायला सांगतेय, असं त्याला वाटलं. तो डावीकडे झाला. गाडी मिचकावतच राहिली. सहादू आणखी डावीकडे झाला. तरी मिचकावणं थांबेना! शेवटी सहादू इतका डावीकडे झाला, की रस्ता संपला आणि काढून ठेवलेल्या कांद्यांचा ढीग सुरू झाला.

मोटारसायकल ढिगात रुतली. मामाला खरचटलंसुद्धा नाही. पण हळदीची वाटी वर उडाली आणि खाली येताना बरोब्बर त्याच्या डोक्यावर पालथी झाली.

"नवरीच्या आधी मामाला हळद लागली!" तो तसाच मळ्यात परतला तेव्हा पोरं टाळ्या पिटत ओरडली.

पण रुद्रची आत्या, तानुबाई, हसली नाही. लग्नातले सगळे रीतिरिवाज तिच्या ताब्यात होते. "उष्टी हळद सांडली! असं कदी झालं नव्हतं या घरात!" असं म्हणून ती जी बसली, ती पुन्हा हळद कालवायलाच उठली. आणि सहादू अंगणात पिवळाधमक उभा राहून एकच वाक्य म्हणत होता, "लय डोळे मारते हो ती गाडी! लय डोळे मारते!"

सासरे सावळीराम यांनी निकाल दिला. "रविराजराव, राग मानू नका. पण उद्या पावण्यारावळ्यांत ही शोभा नको. रुद्र सुयशरावांच्या गाडीत बसंल."

सुयशनं खिशातून किल्ली काढली आणि उगाचच बोटाभोवती फिरवली.

"मामा," रविराज सासऱ्यांना कळवळून म्हणाला, "उद्या संध्याकाळपर्यंत दिव्यांचं मिचकावणं थांबवलं तर?"

"तर तुमची गाडी. माझा शबूद."

झालं! सकाळी उठल्याउठल्या रविराजनं नाशिक गाठलं आणि दुपारच्या पंगतीपूर्वी एक खोकं घेऊन तो परत हजर झाला. खोक्यातून निघाला एक चकचकीत, रुपेरी, तांब्यापेक्षा मोठा आणि कळशीपेक्षा लहान असा गोल डबा. वर दोन जाड पितळी बोंडं आणि मधे निळे आकडे दाखवणारी काच.

"हा कपॅसिटर!" रविराजनं जाहीर केलं. अंगणात माणसं जमली होती.

"म्हंजे काय करतो ह्यो?" सावळीरामांनी विचारलं.

रविराजनं तोंड उघडलं. व्होल्ट, अँपिअर, फॅरड असं बरंच काही बाहेर पडलं. सासरे शांतपणे ऐकत राहिले. मग रविराजचं लक्ष मळ्याच्या कडेला गेलं आणि त्याची ट्यूब पेटली.

"मामा, तुमच्या विहिरीला पाणी आहे. पण पिकाला हवं तेव्हा लाइट नसते. मग तुम्ही काय केलं?"

"शेततळं केलं. लाइट असताना भरून ठेवायचं, पिकाला लागंल तवा सोडायचं."

"हे गाडीतलं शेततळं! बॅटरी म्हणजे विहीर. हा डबा निवांत भरून राहतो. गाण्यानं 'धम्म' केलं, की लागणारी वीज हा देतो. दिव्यांचं पाणी कोणी पळवत नाही!"

"आस्सं होय!" सावळीरामांचा चेहरा उजळला. "मग ते कपाट-शिटर का म्हणता? सरळ शेततळं म्हणा की!"

त्या क्षणापासून गावात त्याला दुसरं नाव उरलं नाही.

आता हा डबा रिकामा असताना थेट जोडला तर ठिणगी उडते. पाव्हणा उन्हातून आला की त्याला आधी पाणी द्यायचं असतं, दारातच पुरणपोळी कोंबायची नसते. म्हणून रविराजनं मधे एक बल्ब लावला. बल्ब लख्ख पेटला. "वा!" लोक म्हणाले. मग बल्ब मंद होत होत विझला.

"गेलं!" सुयश आनंदानं ओरडला.

"भरलं!" रविराज त्याच्याहून मोठ्यानं ओरडला. "बल्ब विझला म्हणजे शेततळं भरलं!"

आणि काचेवर निळे आकडे झळकले.

दिवेलागणीला परीक्षा झाली. गाडी सुरू, दिवे सुरू, आणि गाणं असं लावलं की कांदाचाळीचे पत्रे थरथरायला लागले. सगळं गाव हेडलाइटकडे टक लावून बघत होतं. सहादू मामा तर पुढ्यात उकिडवा बसला होता. धम्म! दिवा ढिम्म. धम्म! दिवा ढिम्म!

"नाय हलत!" सहादू उभा राहून ओरडला. "आईच्यान, नाय हलत!"

सावळीरामांनी जावयाच्या पाठीवर अशी थाप मारली, की रविराज दोन पावलं पुढं गेला. सुयश किल्ली खिशात घालून आपल्या गाडीकडे निघून गेला. अहाहा! रविराजला वाटलं, आपलं आयुष्य सार्थकी लागलं!

इथेच थांबलं असतं तर काय बिघडलं असतं? पण डिकीतला तो चकाकता डबा, त्याचे निळे आकडे! बघायला रांग लागली. बायका, पोरं, वऱ्हाडी, वाजंत्रीवाले. आणि ही रांग लांबून बघत होती तानुआत्या.

तानुआत्याचा दृष्टीवर फार विश्वास. इतक्या लोकांचे डोळे एका वस्तूवर पडले, म्हणजे ती वस्तू सुखरूप राहणं शक्य नाही, हे तिला स्वच्छ दिसत होतं. आणि तिची लिंबू-मिरची बाजारातल्यासारखी दोऱ्यात ओवलेली नसायची. दोरा तुटतो. ती ओवायची द्राक्षबागेच्या तारेत!

इकडे परण्या निघायची वेळ झाली. रुद्र बाशिंग बांधून पुढच्या सीटवर, मान जरा तिरकी करून का होईना, मावला. हर्षाली करवली, ती मांडीवर करा सांभाळत मागे बसली. रविराज स्टिअरिंग धरून. वाजंत्रीवाले पुढं सज्ज. गावची रीत अशी, की फटाके सांभाळणाऱ्या गोटीरामनं एकच सुतळी बॉम्ब उडवायचा आणि तो वाजला की परण्या हलायचा. गोटीराम काडी ओढायच्या बेतात होता.

आणि तानुआत्या डिकीपाशी होती. लिंबू-मिरची टांगायला तिला दोन छान पितळी बोंडं सापडली होती. तारेचं एक टोक तिनं एका बोंडाला गुंडाळलं. झोका नीट बसावा म्हणून दुसरं टोक दुसऱ्या बोंडाला टेकवलं.

ठाप्प!

अख्ख्या मळ्यात उजेड पडला. सनई सुरू झाली, संबळ कडाडला, परण्या हलला! गोटीराम हातातल्या न पेटलेल्या सुतळी बॉम्बकडे बघतच राहिला. लिंबू उडालं, ते मागच्या सुयशच्या गाडीच्या छतातल्या खिडकीतून थेट आत, त्याची बायको स्नेहल हिच्या मांडीवर.

"उतारा! कोणी तरी आपल्यावर उतारा टाकला!" स्नेहल किंचाळून खाली उतरली. "मी नाही या गाडीत बसायची! आधी ते लिंबू काढा!"

"तूच काढ ना!" सुयश म्हणाला.

"मी हात लावू? तुम्ही लावा!"

उताऱ्याच्या लिंबाला हात लावायला अख्ख्या वऱ्हाडात कोणी तयार होईना. सुयशची गाडी जागेवरच अडकली.

इकडे तानुआत्यानं डिकी धाडकन बंद केली, हर्षालीशेजारी येऊन बसली आणि पदर सारखा करत म्हणाली, "चला चला, मुहूर्त टळंल!"

"आत्या, आवाज कसला झाला?" रविराजनं गाडी हलवत विचारलं.

"गोटीरामचा बार."

पण गाडीत वास येत होता भाजलेल्या लिंबाचा! रविराजनं हळूच गाण्याचं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही.

"आत्या. डिकीत काय केलंत?"

आत्यानं खिडकीबाहेर बघितलं. "लिंबू-मिरची बांधली. तुमच्याच भल्यासाठी."

"कशात ओवलेली?"

"तारेत."

रविराजनं डोळे मिटले, मग गाडी चालवतोय हे आठवून उघडले. सगळा उलगडा झाला. तारेनं दोन्ही बोंडं जोडली, शेततळं एका झटक्यात फुटलं आणि बॅटरीजवळचा फ्यूज उडाला. गाडी चालेल, दिवे लागतील, पण गाणं? फ्यूज नाशिकला, दुकान बंद व्हायच्या वाटेवर!

"म्हणजे येताना गाणं नाही?" रुद्रचा आवाज बाशिंगाच्या आतून रडवेला आला. "दाजी, पोरं मला सोडायची नाहीत!"

"आणि बाबा याला दादांच्या गाडीत बसवतील," हर्षाली म्हणाली. दादा म्हणजे सुयश. तिनं नवऱ्याकडे बघितलं. त्याचे कान लाल झाले होते, आणि हर्षालीला ते बघवेना.

मारुतीपर्यंत वाजंत्रीनं लाज राखली. रुद्र पाया पडला. खरं सांगायचं तर रविराज त्याच्याहून जास्त वेळ पाया पडला. परतायला गाडी वळली. वाजंत्रीवाल्यांनी ठरल्याप्रमाणे सनया खाली ठेवल्या आणि ते पाराच्या कट्ट्यावर टेकले. पोरांनी शर्टाच्या बाह्या सरसावल्या, रुमाल काढले. सावळीराम कमरेवर हात ठेवून उभे राहिले. सगळं गाव गाडीकडे वळलं.

शांतता.

"लावा दाजी!" पोरं ओरडली.

रविराजनं काय केलं? हेडलाइटचा अप्पर मारला! समोरच्यांचे डोळे दिपले, आतलं काही दिसेना. पण ऐकू येण्याचं काय?

तेवढ्यात मागच्या सीटवर खाकरल्याचा आवाज आला. तानुआत्यानं काच खाली केली, पदर तोंडापुढं धरला आणि पंचक्रोशीतल्या हजारभर हळदी गाजवलेला आपला खणखणीत आवाज सोडला,

"गाडी आली गाडी आली, दिवे तिचे लखलख!
नवरीचा ग मामा कसा, हळदीमंदी चकचक!"

आणि जो काही हलकल्लोळ झाला!

"काय साफ आवाज हे!" एक म्हातारबुवा म्हणाले. "जणू बाई गाडीतच बसलीया!"

"गाण्यात माझं कसं काय आलं?" सहादू मामानं दिव्यांसमोर डोळ्यांवर हात धरून विचारलं.

"खास बनवून घेतलंय, मामा," रविराजनं ठोकून दिलं. "नाशिकला."

सहादूची छाती इतकी फुगली, की नव्या शर्टाचं बटण तुटलं. तो सर्वांत पुढं जाऊन नाचायला लागला.

"बेस वाढवा दाजी!" पोरांची मागणी आली.

रविराजनं रुद्रकडे बघितलं. रुद्रनं दाजींकडे बघितलं. आणि नवरदेवानं, डोक्याला बाशिंग, हातात हळकुंडाचं कंकण अशा थाटात, दोन्ही मुठींनी गाडीचं दार बडवायला सुरुवात केली. धम्म! धम्म! हर्षालीला करा सोडता येईना, म्हणून तिनं टाचेनं पत्र्यावर ताल धरला. आत्याला आता चेव चढला होता.

"रुद्र माझा पाया पडला, मारुतीच्या पारी!
थोरला जावई मागं ऱ्हायला, लिंबू त्याच्या दारी!"

गाव लोटपोट हसलं. पोरं मातीत लोळून नाचली. आणि दिवे? दिवे एकदाही लुकलुकले नाहीत! कसे लुकलुकतील? अँप्लिफायर थंडगार पडला होता. पण हे गाडीतल्या चौघांशिवाय कोणाला ठाऊक! गाडी मांडवाच्या दारात पोचली, तेव्हा रुद्रच्या मुठी सुजल्या होत्या आणि आत्याचा घसा बसला होता. लागोपाठ मंगलाष्टकं सुरू झाली म्हणून बरं, नाही तर पोरांनी दुसरं गाणं मागितलं असतं.

अक्षता पडल्या. जेवणं उठली. आणि सगळ्या पाहुण्यांसमोर सावळीरामांनी सहादूला विचारलं, "बोला पावणं, डोळा मारला का गाडीनं?"

"नाय!" सहादूनं छातीवर हात ठेवून साक्ष दिली. "मी समोरच नाचत होतो. असं शेततळं पंचक्रोशीत नाय!"

सावळीरामांनी स्वतःच्या डोक्यावरचा फेटा काढून रविराजच्या डोक्यावर ठेवला. "आमचे धाकटे जावई!" एवढंच म्हणाले, पण असं म्हणाले, की शेजारी उभ्या हर्षालीच्या डोळ्यांत पाणी आलं. सासूबाई शकुबाईंनी त्याच्या ताटात न विचारता जिलेबी वाढली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, तुम्ही एसटीनं आलात का, असं कोणी विचारलं नाही. रविराजनं फेटा सावरला, आणि खरं सांगायला तोंड उघडलं होतं, पण त्यात जिलेबी होती.

शेवटी सुयश आला. स्वतःच. त्याच्या गाडीतलं लिंबू अखेर गोटीरामनं चिमट्यानं काढलं होतं, पण तोवर परण्या परतलासुद्धा होता. आवाज मात्र त्यानं जागेवरूनच, लांबून ऐकला होता.

"साडूभाऊ," तो खाली बघत म्हणाला, "आवाज जबरदस्त होता. मानलं तुम्हाला. माझ्या गाडीत एवढी महागडी सिस्टीम आहे, पण असा जिवंत आवाज नाही निघत. मलाही ते शेततळं बसवून द्याल का?"

रविराजनं आत्याकडे बघितलं. आत्या बसलेल्या घशासाठी मध चाटत मांडवाच्या खांबाला टेकून बसली होती. हातात तिच्या नवी लिंबू-मिरची होती. तारेतली.

"बसवतो की, सुयशराव," रविराज मोठ्या मनानं म्हणाला. "उद्याच बसवतो. फक्त गाणं लावायचं असेल, तेव्हा मागच्या सीटवर तानुआत्यांना बसवून न्यावं लागेल."